अभ्यास-साहित्य सगळ्या विद्यार्थ्यांना वापरता यावं म्हणून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयात शिकवणारे, नोट्स काढणारे, स्लाइड तयार करणारे आणि हे सगळं विद्यार्थ्यांपर्यंत पोचवणारे, अशा सर्वांसाठी हे पान आहे. बरेचसे प्रश्न प्राध्यापकांचे आहेत, काही ग्रंथालयातून येणारे, एखाददुसरा विद्यार्थ्यांचा. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: बाकीच्या वर्गाला साहित्य ज्या दिवशी मिळतं, त्याच दिवशी ते दिव्यांग विद्यार्थ्यालाही वापरता आलं पाहिजे. महिनाभर उशिरा आलेल्या नोट्स कितीही नीटनेटक्या असल्या, तरी तोवर चाचणी होऊन गेलेली असते.

माझ्या वर्गात दिव्यांग विद्यार्थी नाहीत. मग हे आत्ताच कशाला?

कदाचित असतील आणि तुम्हाला माहीत नसेल. पांढरी काठी दिसते, चाकाची खुर्ची दिसते. डिस्लेक्सिया, रंगांधत्व, एका कानाने कमी ऐकू येणं, फेफरं, दीर्घकाळचं नैराश्य हे काही दिसत नाही. आणि अनेक जण सांगतही नाहीत, कारण आधी कुठेतरी सांगितल्यावर काय अनुभव आला ते त्यांच्या लक्षात असतं. शिवाय सत्राच्या मध्यावर कुणाचा हात मोडतो, कुणाच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया होते.

दुसरं कारण श्रमांचं आहे. फाइल तयार करतानाच मथळ्याला मथळ्याची स्टाइल द्यायला दोन क्लिक पुरतात. तीच फाइल छापून, स्कॅन होऊन, फिरत फिरत आली की तिच्यातून पुन्हा वाचण्याजोगा मजकूर उभा करायला कुणाचे तरी कित्येक दिवस जातात, आणि तेवढे दिवस तो विद्यार्थी वर्गाच्या मागे राहतो. मागणी आल्यावर बघू, असं आपण म्हणतो तेव्हा त्या थांबण्याची किंमत विद्यार्थी मोजत असतो.

सुगम्य म्हणजे नेमकं काय? त्याचं काही ठरलेलं मोजमाप आहे का?

आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने तयार केलेली डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वं जगभर आधाराला घेतली जातात. पहिली आवृत्ती १९९९ साली आली, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मधली. तिच्या ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पातळ्या आहेत आणि शिक्षणसंस्था साधारणपणे डबल ए हे लक्ष्य धरतात. पीडीएफसाठी पीडीएफ-यूए नावाचं वेगळं आंतरराष्ट्रीय मानक २०१२ पासून आहे.

पण ही मानकं पाठ करून कामाला लागायची गरज नाही. मजकूर निवडता येतो का, ऐकता येतो का, मोठा करता येतो का, माउसशिवाय त्यात फिरता येतं का, आणि जे फक्त डोळ्यांना किंवा फक्त कानांना मिळतं ते दुसऱ्या वाटेनेही मिळतं का? सुरुवातीला एवढं विचारलंत तरी बहुतेक अडथळे सापडतात.

पुस्तकाची पानं स्कॅन करून पीडीएफ दिली आहे. ती पुरेशी नाही का?

नाही. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या लेखी तिथे एकही अक्षर नसतं. अंध विद्यार्थी स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेल डिस्प्लेवर देणारं सॉफ्टवेअर. ते अशा फाइलपाशी येतं आणि गप्प बसतं. अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थिनीने पान मोठं केलं तर अक्षरं फाटतात आणि ओळ पडद्याबाहेर जाते. डिस्लेक्सिया असलेल्याला मजकूर ऐकत ऐकत वाचायचा असतो, तेही जमत नाही. व्हॉट्सॲपवर टाकलेल्या वहीच्या फोटोंचंही हेच.

उपाय तीन, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मूळ डिजिटल मजकूर कुठे आहे का ते शोधा. प्रकाशकाकडे ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल असेल, लेखाची पीडीएफ नियतकालिकाच्या संकेतस्थळावर असेल, किंवा सहकाऱ्याकडे वर्डची फाइल पडून असेल. नसेल तर ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्या. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठीही ओळखतं. मात्र ओसीआरनंतर कुणीतरी वाचून दुरुस्ती केलीच पाहिजे. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते, ‘ख’चा ‘रव’ होतो, अनुस्वार गळतात. अनुस्वार गळला की कधीकधी वाक्याचा अर्थच फिरतो, आणि ऐकणाऱ्याला चूक कुठे झाली ते कळायला दुसरं साधन नसतं. ओसीआरनेही भागणार नसेल, उदाहरणार्थ जुनी शिळाप्रेस छपाई किंवा हस्तलिखित असेल, तर मजकूर टंकून घेणं हाच मार्ग उरतो.

स्कॅन करावंच लागलं तर निदान पान सरळ ठेवा, दोन पानं एका चित्रात घेऊ नका आणि कुणीतरी पेनाने अधोरेखित केलेली प्रत वापरू नका. अधोरेखनाची रेघ अक्षराच्या पायाला चिकटली की ओसीआर हमखास गडबडतं.

मराठी नोट्स टाइप केलेल्या आहेत, तरी स्क्रीन रीडर भलतंच काहीतरी वाचतो. का?

बहुधा त्या जुन्या, युनिकोड (म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला संगणकीय संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फॉण्टमध्ये आहेत. त्या फॉण्टमध्ये ‘क’ दिसत असला तरी फाइलमध्ये साठवलेलं असतं ते एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. फॉण्ट फक्त त्याला ‘क’चा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, आतलं चिन्ह वाचतो. त्यामुळे डोळ्यांना सुबक दिसणारं पान कानांना निव्वळ गोंधळ वाटतं.

तपासणं सोपं आहे. एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर युनिकोड. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसला तर जुना फॉण्ट. फॉण्ट परिवर्तक वापरून असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र जोडाक्षरं आणि रफार नंतर नजरेखालून घालावे लागतात. पुढचं सगळं लेखन युनिकोडमध्येच करायचं, एवढा निर्णय विभागाने एकदा घेतला तरी खूप साधतं. माझ्या मते मराठी माध्यमाच्या साहित्यात इतकं परिणामकारक पाऊल दुसरं नाही.

यात एक छुपी अडचण आहे, ती सांगायलाच हवी. मजकूर युनिकोडमध्ये असला तरी त्याची पीडीएफ केल्यावर देवनागरी अनेकदा आतून मोडते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि साठवली जाते नंतर. जोडाक्षराचा एकच आकार दोन-तीन संकेतांचा बनलेला असतो. पीडीएफ करणारं सॉफ्टवेअर हा हिशेब नीट ठेवत नसेल, तर कॉपी केलेल्या मजकुरात वेलांट्या भलत्या जागी पडतात आणि शोधही लागत नाही. म्हणून मराठी साहित्याची पीडीएफ दिलीत तरी सोबत वर्डची फाइल, ईपब किंवा वेबपान द्या.

आणि फाइलची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवा. नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचतो आणि उच्चार बिघडतात. मजकुरात मध्येच इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या भागाची भाषा वेगळी नोंदवता येते.

वर्डमध्ये मथळा मोठा आणि ठळक केला की झालं ना?

डोळ्यांपुरतं झालं. डोळस वाचक पान उलटताना मोठी, ठळक अक्षरं पाहून आपण कुठल्या प्रकरणात आहोत ते क्षणात ओळखतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तीच सोय मथळ्यांच्या स्टाइलमधून मिळते: हेडिंग १ प्रकरणाला, हेडिंग २ त्यातल्या भागाला, हेडिंग ३ उपभागाला. तशा नोंदी असल्या की एनव्हीडीए किंवा जॉज या स्क्रीन रीडरमध्ये वाचनाच्या पद्धतीत एच ही एकच कळ दाबत एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जाता येतं, सगळ्या मथळ्यांची यादी काढून हव्या त्यावर उडी मारता येते. नोंदी नसतील तर ‘सरावासाठी प्रश्न’ कुठे आहेत ते शोधायला साठ पानं पहिल्या ओळीपासून ऐकत जावी लागतात. परीक्षेच्या आदल्या रात्री असं करून पाहण्याची कल्पना करा.

स्टाइलचं रूप आवडत नसेल तर ते बदलता येतं. अक्षराचा आकार आणि रंग तुमचा, रचना मात्र खरी. हेच याद्यांना लागू आहे. क्रमांक हाताने टाइप करू नका, यादीचं बटण वापरा. नवीन पान हवं असेल तर एंटर दाबत बसू नका, पेज ब्रेक द्या; नाहीतर स्क्रीन रीडर ‘रिकामी ओळ, रिकामी ओळ’ असं सांगत राहतो. दुव्याला ‘इथे क्लिक करा’ असं नाव न देता ‘प्रकरण ४ची प्रश्नपत्रिका’ असं नाव द्या, कारण दुव्यांची यादी वेगळी काढून ऐकली जाते आणि तिच्यात पंधरा वेळा ‘इथे क्लिक करा’ आलं तर त्यातून काहीच कळत नाही.

वर्डची फाइल व्यवस्थित केली. पीडीएफ कशी करू?

‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’मधून, आणि पर्यायांमध्ये सुगम्यतेसाठी रचनेचे टॅग ठेवण्याची खूण केलेली आहे ना ते पाहून. ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नका. त्यात मथळे, याद्या, चित्रांची वर्णनं ही सगळी आतली रचना गळून पडते आणि तुमची मेहनत वाया जाते.

स्लाइडच्या बाबतीत काय पाहायचं?

प्रत्येक स्लाइडला स्वतःचं शीर्षक हवं, आणि ते शीर्षकाच्या तयार चौकटीतच लिहिलेलं हवं. ‘पुढे चालू’ असं पाच स्लाइडवर लिहिलं तर यादीत पाचही सारख्याच ऐकू येतात. मजकूर शक्यतो तयार मांडणीच्या चौकटीत टाका. मोकळ्या चौकटी इकडेतिकडे टाकल्या की त्यांचा वाचनक्रम तुम्ही त्या ज्या क्रमाने टाकल्या तसा ठरतो, त्या दिसतात कुठे यावर नाही. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर ऐकू येतो तो यामुळेच. पॉवरपॉइंटच्या सिलेक्शन पेनमध्ये हा क्रम बदलता येतो. ॲनिमेशन गरजेपुरतं. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं काहीही नको, काहींना त्यामुळे फेफरं येऊ शकतं.

आणि स्लाइड तासाच्या आधी द्या. अल्पदृष्टी असलेली विद्यार्थिनी त्या आपल्या पडद्यावर मोठ्या करून तुमच्याबरोबर पाहू शकते, दुभाषी सांकेतिक भाषेतले पारिभाषिक शब्द ठरवून येऊ शकतो. स्लाइड आधी दिल्या तर मुलं तासाला येणार नाहीत, ही भीती अनेकांना वाटते. ती खरी मानली तरी तिचा भार दिव्यांग विद्यार्थ्याने का उचलावा?

चित्रांना पर्यायी मजकूर द्यायचा म्हणजे काय लिहायचं?

हे चित्र तुम्ही इथे का घातलं आहे, तेवढं लिहायचं. चित्रात दिसणारी प्रत्येक गोष्ट नाही.

समजा, तापमानानुसार विकराचा (एन्झाइमचा) वेग कसा बदलतो याचा आलेख आहे. ‘आलेख’ एवढंच लिहिलं तर काहीच सांगितलं नाही. ‘आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर वेग, निळी वक्ररेषा’ हे खरं असलं तरी मुद्दा निसटला. ‘मानवी शरीरातल्या विकराचा वेग सुमारे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत वाढत जातो आणि त्यानंतर झपाट्याने कोसळतो’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या हाती तेच येतं जे पाहणाऱ्याच्या हाती येतं. पण तोच आलेख परीक्षेत ‘यावरून निष्कर्ष काढा’ म्हणून दिला असेल, तर असा पर्यायी मजकूर उत्तरच फोडतो. तिथे अक्ष, एकक आणि काही बिंदूंची मूल्यं द्यावी लागतात, म्हणजे निष्कर्ष विद्यार्थीच काढेल. एकाच चित्राची दोन ठिकाणी दोन वर्णनं असू शकतात, आणि ती विषय शिकवणाऱ्यालाच उत्तम जमतात. म्हणूनच हे काम कार्यालयातल्या कुणावर ढकलू नये असं मला ठामपणे वाटतं.

साध्या चित्राला एक-दोन वाक्यं पुरतात. गुंतागुंतीची आकृती, नकाशा किंवा प्रक्रियेचा आराखडा असेल तर पर्यायी मजकुरात थोडक्यात ओळख द्या आणि सविस्तर वर्णन खाली मुख्य मजकुरातच लिहा; त्याचा उपयोग सगळ्यांना होतो. ‘या चित्रात’ अशी सुरुवात नको, चित्र आहे हे स्क्रीन रीडर आधीच सांगतो. नुसत्या शोभेच्या नक्षीला ‘सजावटीसाठी’ अशी खूण करा, म्हणजे तो ती ओलांडून पुढे जाईल.

हृदयाची रचना, विद्युत मंडल, भूमितीतली आकृती अशा काही गोष्टी शब्दांत पुरेशा मावत नाहीत. त्यांच्यासाठी स्पर्शाने कळणाऱ्या आकृत्या लागतात. खास कागदावर काळ्या रेषा छापून तो उष्णता देणाऱ्या यंत्रातून काढला की रेषा फुगून वर येतात. अशी आकृती मूळ चित्राची हुबेहूब नक्कल नसावी. बोटाला डोळ्याइतके बारकावे एकदम कळत नाहीत, म्हणून अनावश्यक रेषा काढून टाकाव्या लागतात आणि एका आकृतीच्या दोन-तीन कराव्या लागतात.

गणित आणि रसायनशास्त्र?

सर्वांत जास्त विद्यार्थी अडतात ते इथे. अनेकांना तर अंध मुलांनी विज्ञान घेऊच नये असं थेट सांगितलं जातं. अब्राहम नेमेथ स्वतः अंध होते, गणित शिकवत होते, आणि त्यांनी गणितासाठी तयार केलेली ब्रेल पद्धत १९५२ पासून छापील रूपात उपलब्ध आहे. टी. व्ही. रामन यांनी १९९४ मध्ये पीएचडीसाठी गणिती मजकूर आवाजात मांडणारी संगणक-प्रणाली तयार केली. तेही अंध आहेत. क्षमता होतीच. अडतं ते साहित्यापाशी.

समीकरणाचं चित्र चिकटवू नका. ‘अ अधिक ब भागिले क’ असं ऐकलं तर भागाकार फक्त ‘ब’चा आहे की पूर्ण बेरजेचा? छापील अपूर्णांकात रेघ किती लांब आहे त्यावरून ते दिसतं. आवाजात ते रचनेतूनच कळावं लागतं. वर्डच्या समीकरण-संपादकात लिहिलेलं किंवा वेबपानावर मॅथएमएल या गणिताच्या खुणांच्या भाषेत असलेलं समीकरण स्क्रीन रीडर अपूर्णांक कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे सांगत वाचू शकतो, त्याच्या आत पायरीपायरीने जाऊ देतो आणि ब्रेलमध्येही देऊ शकतो. घातांक नुसता पुढे टाइप केला तर १० चा तिसरा घात ‘एकशे तीन’ म्हणून ऐकू येतो, हेही लक्षात ठेवा.

लाटेक (मजकूर आणि सूत्रं आज्ञांनी लिहिण्याची पद्धत) वापरत असाल तर पीडीएफबरोबर मूळ लाटेक फाइल द्या. गणित शिकणारे अनेक अंध विद्यार्थी ती थेट वाचतात, कारण तिच्यात प्रत्येक कंस आणि प्रत्येक अपूर्णांक शब्दांत लिहिलेला असतो. रसायनशास्त्रात रचनासूत्राच्या चित्रासोबत आययूपॅक (रसायनांची आंतरराष्ट्रीय नामपद्धती) नाव आणि कुठला गट कुठल्या कार्बनला जोडला आहे ते लिहा. त्रिमितीय रचनेसाठी गोळे-काड्यांचे संच हातात द्यावेत; त्यांना पर्याय नाही.

तक्ते?

पहिली ओळ ‘शीर्षक-ओळ’ म्हणून नोंदवा, पेशी एकत्र जोडू नका, रिकाम्या पेशीत ‘लागू नाही’ लिहा. पानावर मजकूर दोन बाजूंना दिसावा एवढ्यासाठी तक्ता वापरू नका, त्यासाठी स्तंभ आहेत.

रंग वापरायचेच नाहीत का?

जरूर वापरा, फक्त अर्थ एकट्या रंगावर सोपवू नका. ‘लाल रंगातली उदाहरणं घरी सोडवा’ ही सूचना रंगांधळ्या मुलाला निरुपयोगी आहे, आणि काळी-पांढरी झेरॉक्स काढणाऱ्या प्रत्येकालाही. रंगाबरोबर तारांकन द्या, रेषेला तुटक-अखंड असा फरक द्या, आलेखात नाव रेषेशेजारीच लिहा. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा नेहमीचा प्रकार एक्स गुणसूत्रावरच्या जनुकांमुळे येतो, म्हणून तो मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजळपणाच्या फरकाला ठरलेलं प्रमाण आहे: साध्या मजकुरासाठी निदान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. मोठी अक्षरं म्हणजे १८ पॉइंट किंवा १४ पॉइंट ठळक. हे मोजणारी साधनं मोफत मिळतात. पांढऱ्यावर पिवळा किंवा फिकट राखाडी मजकूर यात हटकून नापास होतो.

व्हिडिओला आपोआप येणारी कॅप्शन चालतील का?

कच्चा मसुदा म्हणून चालतील, अंतिम म्हणून नाही. यंत्र नेमकं तिथे चुकतं जिथे अभ्यास असतो: पारिभाषिक शब्द, विशेषनामं, सूत्रं, आणि मराठी बोलता बोलता आलेली इंग्रजी संज्ञा. ‘नाही’ हा एक शब्द गळला तर सिद्धांत उलटा होतो, आणि कर्णबधिर विद्यार्थ्याला ते पडताळून पाहायला आवाज नसतो. म्हणून आपोआप आलेली कॅप्शन उघडा, शब्द आणि विरामचिन्हं दुरुस्त करा, कोण बोलतंय ते लिहा, टाळ्या किंवा प्रयोगातला स्फोट असे अर्थपूर्ण आवाज कंसात नोंदवा. तासाभराचं ध्वनिचित्रण दुरुस्त करायला तासाभरापेक्षा बराच वेळ लागतो. मी लहान तुकड्यांत चित्रण करण्याचा सल्ला देते तो म्हणूनच. दहा मिनिटांचा एक मुद्दा दुरुस्त करणं झेपतं, आणि पुढच्या वर्षी तेवढाच बदलता येतो.

अंध विद्यार्थ्यासाठी वेगळा विचार लागतो. पडद्यावर घडणारी गोष्ट बोलण्यात आली आहे का? ‘आता हे इथे टाकलं की बघा काय होतं’ असं बोलण्याऐवजी ‘लिटमसचा निळा कागद आम्लात बुडवला, तो लाल झाला’ असं बोललात तर वेगळ्या ध्वनिवर्णनाची गरजच पडत नाही.

कॅप्शनने सगळ्या कर्णबधिरांची सोय होते असंही नाही. सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे आणि अनेकांची ती पहिली भाषा असते. त्यांच्यासाठी लिखित मजकूर ही दुसरी भाषा ठरते, तिथे दुभाषीच लागतो.

प्रत्यक्ष वर्गात शिकवताना काय बदलायचं?

फळ्याकडे तोंड करून बोलू नका. ओठ वाचणाऱ्याला आधीच खूप कमी मिळतं: पाप, बाप आणि माप हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात, संदर्भावरून ओळखावे लागतात. तुम्ही पाठ फिरवलीत तर तेवढंही जातं. फळ्यावर जे लिहिता ते मोठ्याने उच्चारा. मागच्या बाकावरून प्रश्न आला तर उत्तराआधी तो पुन्हा सांगा. माइक असेल तर वापरा. ‘माझा आवाज खणखणीत आहे’ हे श्रवणयंत्र वापरणाऱ्याच्या कामाचं नाही, कारण यंत्र वर्गातला गोंगाटही वाढवतं.

डिस्लेक्सियासाठी खास फॉण्ट आहेत ना, ते वापरू का?

कुणाला आवडत असेल तर वापरू द्या, पण त्यांनी वाचन सुधारतं याला भक्कम पुरावा नाही. अक्षरांतलं आणि ओळींतलं अंतर पुरेसं ठेवणं, मजकूर दोन्ही कडांना न ताणता डावीकडे सरळ ठेवणं, परिच्छेद आटोपशीर करणं आणि मजकूर ऐकता येईल असा देणं याचा उपयोग जास्त होतो. फाइल अशी असावी की फॉण्ट, आकार आणि पार्श्वभूमीचा रंग विद्यार्थ्याला स्वतः बदलता येईल. वर्ड, ईपब आणि वेबपानात हे जमतं, पीडीएफमध्ये फारसं नाही.

ऑनलाइन चाचणी घेताना कुठे अडतं?

वेळ आणि माउस. हाताच्या हालचालीवर ताबा नसलेले अनेक जण फक्त कीबोर्ड, एखादा स्विच किंवा आवाज वापरून संगणक चालवतात. चाचणी लावण्यापूर्वी माउस बाजूला ठेवा आणि टॅब, बाणांच्या कळा, स्पेस व एंटर एवढ्यावर ती पूर्ण करून पाहा. आपण कुठल्या बटणावर आहोत ते प्रत्येक क्षणी दिसलं पाहिजे. ‘उचला आणि जोडी लावा’ असा प्रश्न असेल तर न ओढता उत्तर देण्याची सोय हवी; डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये हा नियमच आहे. वाढीव वेळ ज्यांना मंजूर आहे त्यांच्यासाठी घड्याळ आधीच बदलून ठेवा. चाचणी सुरू झाल्यावर विद्यार्थ्याने हात वर करून विनंती करायची वेळ येऊ नये.

लेखनिक मिळतो म्हणून चाचणी सुगम्य करण्याची जबाबदारी संपत नाही. ज्याला स्वतः टाइप करता येतं त्याला स्वतः उत्तर लिहायचा हक्क आहे.

तपासणीचं सॉफ्टवेअर ‘त्रुटी नाही’ म्हणालं. आता निश्चिंत?

सॉफ्टवेअर पर्यायी मजकूर आहे का ते पाहतं. तो अर्थपूर्ण आहे का ते त्याला कळत नाही. ‘चित्र ०४३’ असं लिहिलं असेल तरी ते पास करू शकतं. तरीही वर्डमधली सुगम्यता-तपासणी, पीडीएफसाठी पॅक, वेबपानासाठी वेव्ह ही साधनं पहिली चाळणी म्हणून जरूर वापरा. त्यानंतर एनव्हीडीए उतरवून घ्या. ते मोफत आहे, मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध प्रोग्रामरांनी घडवलेलं. पडदा बंद करून आपल्याच नोट्स दहा मिनिटं ऐका. कुठे अडखळायला होतं ते कुठल्याही अहवालापेक्षा लवकर समजतं.

चित्रांची वर्णनं एआयकडून लिहून घेतली तर?

मसुदा घ्या, पण तपासल्याशिवाय देऊ नका. एआय आलेखातले आकडे आत्मविश्वासाने चुकीचे सांगू शकतं, आणि मूळ चित्र न दिसणाऱ्याला ते पकडता येत नाही. शिवाय चित्र तुम्ही कशासाठी घातलं ते त्याला ठाऊक नसतं.

पुस्तक सुगम्य रूपात बदलणं कॉपीराइटच्या आड येतं का?

याच प्रश्नासाठी मराकेश करार झाला. २७ जून २०१३ रोजी तो स्वीकारला गेला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. करारात सामील देशांना आपल्या कायद्यात अशी तरतूद करावी लागते की अंध, अल्पदृष्टी, वाचनात अडथळा असलेल्या किंवा पुस्तक हातात धरता न येणाऱ्या वाचकांसाठी ब्रेल, ऑडिओ, डिजिटल अशा प्रती हक्कधारकाच्या परवानगीशिवाय करता याव्यात. अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवताही येतात. प्रत फक्त त्या वाचकांसाठीच असते, सगळ्या वर्गाला वाटता येत नाही. कर्णबधिरांसाठीची कॅप्शन या करारात येत नाहीत, त्यासाठी आपल्या देशाचा कायदा पाहावा लागतो. ग्रंथपालांना आधी विचारा. कदाचित तेच पुस्तक दुसऱ्या संस्थेने आधीच तयार केलेलं असेल.

माझ्याकडे दहा वर्षांचं जुनं साहित्य आहे. सगळं कधी करणार?

सगळं करू नका. ज्या साहित्याशिवाय या सत्रात उत्तीर्ण होता येत नाही ते आधी: अभ्यासक्रम, वेळापत्रक, अनिवार्य वाचन, प्रश्नसंच. वर्गात एखादा दिव्यांग विद्यार्थी आहे हे माहीत असेल तर त्याला लागणारं त्याहून आधी. ‘अधिक वाचनासाठी’ची यादी मागे राहिली तरी चालेल. नव्याने जे तयार कराल ते मात्र आजपासूनच नीट करा, नाहीतर जुन्याचा ढीग दरवर्षी वाढतच जाईल. कुणी उघडतच नसलेल्या फाइली काढून टाका.

विद्यार्थ्याशी बोलताना काय विचारू?

निदान विचारू नका. ‘कशा स्वरूपातलं साहित्य तुला सोयीचं पडतं?’ असं विचारा, आणि एकांतात. सगळ्या वर्गासमोर नाही. दोन अंध विद्यार्थ्यांची गरज एकच असेल असं गृहीत धरू नका. एकाला ब्रेल लागतं, दुसऱ्याला ते येतच नाही आणि तो वर्डची फाइल वेगाने ऐकतो. पहिल्या तासाला सगळ्या वर्गाला सांगून ठेवा की साहित्य वापरताना अडचण आली तर कुणाकडे आणि कसं यायचं, म्हणजे कुणाला वेगळं उभं राहावं लागणार नाही. मग पहिल्याच आठवड्यात पहिल्या प्रकरणाची फाइल, एक स्लाइड-संच आणि एक नमुना चाचणी त्या विद्यार्थ्याला द्या आणि त्याच्या यंत्रावर, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहायला सांगा. काय अडलं ते तेव्हाच कळतं, आणि दुरुस्तीला सत्र हातात असतं.